दुकानातील कुरबुरी आणि पायांचे दुखणे
(व्याख्यानाचा मजकूर)



व्यापाराविषयीच्या भाषणांत भांडवल, उधारी, करप्रणाली आणि बाजारभाव यांचा ऊहापोह होतो. परंतु काउंटरमागे दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसांच्या किरकोळ तक्रारींना तेथे स्थान मिळत नाही. 'तो माझे गिऱ्हाईक ओढतो', 'हा दाखविलेला माल घडी करून ठेवत नाही', 'मुनीमजी चारचौघांत बोलतात', 'कंबर धरली', 'पाय सुजले' ही वाक्ये प्रत्येक पेढीवर रोज उमटतात आणि रोज विरून जातात. सहकाऱ्याविषयीची तक्रार आणि शरीराविषयीची तक्रार या बहुधा एकाच मुळाच्या दोन फांद्या असतात, हे प्रस्तुत व्याख्यानाचे सूत्र होय.

भोकरसारख्या तालुक्याच्या गावातील कापड दुकान डोळ्यांपुढे आणावे. तेलंगणाची सीमा जवळ असल्याने येथे मराठीबरोबरच तेलुगू, उर्दू आणि बंजारा बोलणारे गिऱ्हाईक येते. कापूस, सोयाबीनचे पैसे हाती आले की खरेदी सुरू होते आणि लगीनसराईत तिला उधाण येते. बस्ता बांधावयास आलेले एक कुटुंब पन्नास साड्या उलगडावयास लावते व पाच घेते. उरलेल्या पंचेचाळीस साड्यांच्या घड्या कोणी घालावयाच्या, यावरून दुकानातील निम्मी भांडणे होतात. त्यातच पारा बेचाळीस अंशांपुढे गेलेला असतो, जेवण तीन वाजता झालेले असते आणि गिऱ्हाईक सोडून जाता येत नाही म्हणून पाणीही बेतानेच प्यालेले असते.

अशा वेळी शरीरात काय घडते, हे समजून घेणे उपयुक्त आहे. माणूस चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू आकुंचन पावून पायांतील रक्त हृदयाकडे ढकलतात. एकाच जागी तासन्‌तास उभे राहिल्यास ही क्रिया मंदावते, रक्त पायांत साचते, घोटे सुजतात आणि पुढे शिरा फुगून वेड्यावाकड्या दिसू लागतात. गादीवर मांडी घालून बसणाऱ्याचे गुडघे आणि कंबर दुखतात. ठाणे उचलणाऱ्याचे खांदे भरून येतात. पाणी कमी पिणाऱ्यास, विशेषतः भगिनींना, लघवीच्या जळजळीचा त्रास होतो. परंतु संकोचामुळे तो कोणी सांगत नाही.

आता एक नेहमीचे दृश्य पाहावे. जुना, अनुभवी सेल्समन वरच्या फळीवरील माल काढण्यासाठी स्वतः शिडीवर चढत नाही, नव्या मुलास चढवितो. 'हा स्वतःला मालक समजतो', असे मुलगा म्हणतो. वस्तुतः त्या जुन्या माणसाचे गुडघे गेलेले असतात. पण ते कबूल केले तर नोकरीवर गदा येईल, अशी त्यास धास्ती असते. उलटपक्षी, मुलगा संध्याकाळी गिऱ्हाइकाशी तुटकपणे बोलतो. 'आजकालची पोरे उर्मट', असे जुना माणूस म्हणतो. वस्तुतः मुलगा सकाळपासून बसलेलाच नसतो. दोघेही परस्परांविषयी तक्रार करतात. मूळ दुखणे मात्र कोणीच सांगत नाही.

ते मालकाकडे का जात नाही? कारण ज्याने मुलीच्या लग्नासाठी उचल घेतली आहे, तो मालकापुढे तोंड उघडत नाही. वर जाण्याचा मार्ग बंद झाला की तक्रार बाजूला वळते आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर फुटते.

किरकोळ तक्रारीची ताकद मोठी असते, याची साक्ष महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि वेळेवर पगार अशा त्यातील मागण्या होत्या. आज त्या अगदी साध्या वाटतात. परंतु रविवारच्या सुटीसाठी 1890 साल उजाडावे लागले.

अलीकडचे उदाहरण तर कापड व्यवसायाच्या अधिकच जवळचे आहे. केरळमधील साड्यांच्या दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांना दिवसभर बसण्याची मुभा नव्हती. कोळिकोडच्या बाजारात शिवणकाम करणाऱ्या विजी आणि त्यांची 'पेण्कूट्टू' ही संघटना यांनी आधी स्वच्छतागृहासाठी व पुढे बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला. केरळने 2018 साली कायद्यात दुरुस्ती करून हा हक्क मान्य केला. 2021 साली तामिळनाडूनेही तेच केले. स्टुलासाठी कायदा करावा लागला, ही गोष्ट व्यापारी वर्गाने अंतर्मुख होऊन विचारात घेण्याजोगी आहे.

महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांविषयीचा नवा कायदा 2017 साली झाला, तेव्हा तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. चार-पाच माणसांची दुकाने त्याच्या बहुतेक तरतुदींबाहेर राहिली. म्हणजे लहान गावातील कामगाराचे सुखदुःख मालकाच्या विवेकावर सोपविले गेले. ही सवलत नसून जबाबदारी आहे.

स्टूल दिल्याने सर्व स्वभावदोष जातील, असे मात्र नव्हे. काही माणसे मुळातच भांडखोर असतात. काही जण कामचुकारपणा लपविण्यासाठी कंबरदुखी पुढे करतात. परंतु खरे कोण आणि खोटे कोण, हे सोय करून दिल्यावरच कळते. बसावयास जागाच नसेल, तर दोघेही सारखेच कण्हतात.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. गिऱ्हाईक नसताना बसता येईल अशी दोन स्टुले, हाताशी पाण्याची घागर, स्वच्छतागृहाची सोय आणि आळीपाळीने ठरलेली जेवणाची वेळ असावी. ज्याने माल उलगडला त्यानेच घडी घालावी की सर्वांनी मिळून, हा नियम एकदाच ठरवून टाकावा. कोणाची चूक झाली तर ती गिऱ्हाइकासमोर न सांगता दुकान वाढविल्यावर सांगावी. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे प्रत्येकाला एवढेच विचारावे की, 'तब्येत कशी आहे?' त्या उत्तरात भांडणाचेही कारण सापडते. चार भाषांत गिऱ्हाईक सांभाळणारा, घराघराची आवड जाणणारा माणूस एकदा नांदेड-हैदराबादची वाट धरून गेला की त्याची जागा जाहिरातीने भरून निघत नाही.

संवत्सरीस सगेसोयरे आणि व्यापारी एकमेकांची क्षमा मागतात. त्याच दिवशी दुकानातील माणसापुढेही हात जोडले गेले, तर वर्षभर मुक्या राहिलेल्या तक्रारींना वाचा फुटेल.

जय जिनेंद्र!