पावसातून एलन डोननला

हेडफोन लावलेत? आज जरा लांब जायचंय.

‘कुछ कुछ होता है’चं शीर्षकगीत आठवा. पाण्याच्या मधोमध एक करडा दगडी किल्ला, त्याच्याकडे जाणारा कमानींचा पूल, मागे धूसर डोंगर. तो सेट नव्हता. तो किल्ला खरा आहे. स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये, डॉर्नी नावाच्या छोट्याशा गावापाशी. नाव एलन डोनन, म्हणजे डोनन नावाच्या संताचं बेट. सप्टेंबरमध्ये मी तिथे जाऊन आले. ग्लासगोहून गाडीने, साधारण पावणेतीनशे किलोमीटर, आणि सगळा वेळ पाऊस.

दादा गाडी चालवत होता, वहिनीने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि थर्मासभर चहा घेतला होता. ग्लासगोतून बाहेर पडलं की थोड्या वेळात डम्बार्टन लागतं. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचं हे जन्मगाव. पेशवाई बुडाली तेव्हा पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता तो, आणि ज्याच्या नावाचं कॉलेज मुंबईत आहे तोच. आम्ही न थांबता पुढे गेलो.

पुढे लॉख लोमंड. लॉख म्हणजे तळं, कधी कधी जमिनीत आत घुसलेली समुद्राची खाडीसुद्धा. तिथला पाऊस आपल्यासारखा नाही हं. आपला कसा, चार महिने येतो आणि धो धो कोसळतो. यांचा वर्षभर रेंगाळतो. इतका बारीक, की पडतोय की नुसता हवेत तरंगतोय ते कळत नाही. त्या भुरभुरीला स्कॉट्स भाषेत ‘स्मर’ म्हणतात, आणि अशा ओल्या, उदास दिवसाला ‘ड्रीख’. हा शब्द नुसता उच्चारला तरी स्वेटर घालावासा वाटतो!

रॅनख मूरची दलदलीची माळरानं ओलांडली की रस्ता ग्लेनको खोऱ्यात उतरतो, आणि गाडीतल्या गप्पा आपोआप थांबतात. दोन्ही बाजूंना काळे कडे, प्रत्येक घळीतून पांढरी धार. मला ताम्हिणी आठवला. पण ताम्हिणीत झाडी असते, इथे झाडच नाही. नुसतं गवत, खडक आणि ढग.

याच खोऱ्यात १३ फेब्रुवारी १६९२ च्या पहाटे मॅकडोनाल्ड घराण्याच्या सुमारे ३८ माणसांना मारलं गेलं. मारणारे सरकारी सैनिक होते, आणि जवळजवळ दोन आठवडे त्याच घरांमध्ये पाहुणे म्हणून राहत होते. जेवत होते, पत्ते खेळत होते. या गोष्टीतलं पाहुणचाराचं मोडणं तिथले लोक अजून विसरलेले नाहीत. ग्लेनकोतल्या एका जुन्या खानावळीच्या पाटीवर अजून लिहिलेलं आहे, ‘फेरीवाले आणि कॅम्पबेल यांना प्रवेश नाही’. सैनिकांचा कॅप्टन कॅम्पबेल होता ना!

आता आपण फोटोला कॅप्शन देतो, ‘अस्पर्शित निसर्ग’. मीही तेच टाइप करणार होते, तेवढ्यात दादा म्हणाला, “अगं, इथल्या कितीतरी खोऱ्यांत गावं होती.” अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची शंभरेक वर्षं जमीनमालकांनी हायलँड्समधली कुळं हलवली, कारण मेंढ्यांमध्ये जास्त पैसा होता. घरं रिकामी करवली, काही ठिकाणी जाळली. माणसं समुद्रकिनाऱ्यावर, ग्लासगोत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात गेली. मग मेंढ्या, नंतर शिकारीसाठी राखलेली हरणं, आणि त्यांनी झाडांची रोपं वाढूच दिली नाहीत. म्हणजे जे मोकळेपण बघून आपण रील बनवतो, त्यातलं बरंचसं कोणीतरी मोकळं केलेलं आहे. कॅप्शन मी खोडलं.

फोर्ट विल्यमला पेट्रोल भरलं, इन्व्हरगॅरीला डावीकडे वळलो आणि ग्लेन शीलमध्ये शिरलो. या किल्ल्याची गोष्ट खरं तर इथेच सुरू होते.

१७१९ मध्ये स्पेन आणि ब्रिटनचं युद्ध चालू होतं. पदच्युत स्टुअर्ट राजघराण्यासाठी लढणाऱ्या बंडखोरांना स्पेनने मदत पाठवली, पण मोठं आरमार वादळात विखुरलं. पोचले जेमतेम तीनशे सैनिक. त्यातले ४६ जण एलन डोननवर दारूगोळा सांभाळत बसले. १० मे रोजी ब्रिटिश युद्धनौका खाडीत आल्या आणि त्यांनी तोफा डागल्या. भिंती कुठे कुठे चौदा फूट जाड, त्या दाद देईनात. शेवटी सैनिक आत घुसले आणि दारूने किल्ला उडवून दिला. महिन्याभरात ग्लेन शीलमध्ये बंडखोरही हरले. तिथल्या एका शिखराचं गेलिक नाव आजही ‘स्पॅनिश लोकांचं शिखर’ असं आहे. आम्हाला अर्थातच फक्त ढग दिसला.

त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षं तिथे नुसते पडके दगड होते. १९११ मध्ये जॉन मॅक्रे-गिलस्ट्रॅप नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने ते बेट विकत घेतलं आणि किल्ला पुन्हा उभा केला. काम संपलं १९३२ साली. म्हणजे आपण ज्याला तेराव्या शतकातला म्हणतो, तो बराचसा तुमच्या-माझ्या पणजोबांच्या वयाचा आहे! आणि तो सुंदर पूल? तो तर आधी नव्हताच, या बांधकामातच आला.

हे कळल्यावर वहिनी जरा हिरमुसली. “मग खोटाच की!”

मला तसं वाटत नाही. रायगडावर इंग्रजांच्या तोफांनी वाडे जाळले तेही मे महिन्यातच, १८१८ साली, एलन डोननच्या ९९ वर्षांनंतर. आपल्याकडे जोती उरली, आणि ती पुन्हा बांधावीत का, यावर दर पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर भांडणं होतात. माझं मत स्पष्ट आहे. जिथे मूळ इमारत कशी होती याचा भक्कम पुरावा नाही, तिथे जोतं जोतंच राहू द्यावं. रायगडाच्या राजसदरेवर उभं राहिलं की जे पोटात हलतं, ते प्लॅस्टरच्या खांबांनी हलणार नाही. पण एलन डोननवाल्यांचं एक मला आवडलं. ते वय लपवत नाहीत. किल्ला उडवला कधी, पुन्हा बांधला कधी, ते सरळ सांगतात. आपल्या कितीतरी गडांवर रंगवलेली पाटी असते आणि तिच्यावर एकही सन नसतो.

आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. पुलाखाली पाण्यापेक्षा शेवाळलेले दगडच जास्त. तीन खाड्या जिथे मिळतात तिथे हे बेट आहे, त्यामुळे वारा तिन्ही बाजूंनी येतो आणि छत्री उलटी होते. छत्री नेऊच नका, टोपीचं जॅकेट न्या. पुऱ्या आम्ही गाडीतच बसून संपवल्या, काचा वाफेने पांढऱ्या झालेल्या. पुढच्या भागात इथून पूल ओलांडून स्काय बेटावर. तोपर्यंत तुमच्या जवळच्या गडावरच्या पाटीचा फोटो पाठवा, सन असेल तर आणि नसेल तरीही.