टोंकखुर्दचं पाणी

आपण देवासकर जमलो की पवारांच्या दोन गाद्यांच्या गोष्टी निघतातच. आज आपल्याच जिल्ह्यातल्या टोंकखुर्दची सांगतो. काळी जमीन, विहिरींवर गहू-हरभरा. मग सोयाबीन आलं, पैसा आला; जो तो शेजाऱ्याहून खोल बोअर मारू लागला. पाणी आटलं, शेती बसली. शहरानं काय वेगळं केलं? १९९० मध्ये आपल्याकडे पाणी रेल्वेनं आलं! २००६ पासून जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या आग्रहानं तिथल्या शेतकऱ्यांनी शेताचा तुकडा मोडून तळी खोदली, ‘रेवासागर’. रब्बी परतली. आपण मात्र वाड्यांतल्या विहिरी बुजवल्या. विसर्जनानंतर उरलेल्या विहिरींची मंडळानं यादी करावी, अशी आमची सूचना आहे.