जंगलाखाली सापडलेली माया लोकांची शेती

(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मका, घेवडा आणि लाल भोपळा ही आपल्या ओळखीची पिके मूळची अमेरिका खंडातील आहेत. मेक्सिको, ग्वाटेमाला व बेलीझ या देशांत राहणारे माया लोक ही तिन्ही पिके एकाच शेतात फार पूर्वीपासून घेत आले आहेत. त्यांच्या पूर्वजांनी बांधलेली उंच दगडी मंदिरे आपण चित्रांत पाहिली असतील. पण ती बांधणाऱ्या हजारो माणसांच्या पोटाला धान्य कोठून येत होते, हा प्रश्न अभ्यासकांना बरीच वर्षे पडलेला होता.

प्रश्न पडण्याचे कारण तेथील जमीन. ग्वाटेमालाच्या उत्तरेकडील पेतेन भागात चुनखडीवर मातीचा थर पुष्कळ ठिकाणी पातळ आहे. पाऊस चांगला पडतो, पण पाणी चुनखडीतून खाली निघून जाते आणि वर्षातील चार-पाच महिने कोरडे जातात. अशा जमिनीत झाडे तोडून जाळावीत, दोन-तीन वर्षे मका घ्यावा आणि मग जमीन पडीक टाकावी, म्हणजे आपल्याकडे कोकणात जिला कुमरी म्हणत तशी शेतीच शक्य, असा समज दीर्घकाळ होता. पुढे काही ठिकाणी जुने बांध व चर आढळले. मात्र दाट जंगलामुळे ते किती दूरवर पसरले आहेत हे मोजता येत नव्हते.

ही अडचण लायडार या तंत्राने दूर केली. विमानातून लेसर प्रकाशाचे ठोके जमिनीकडे सोडतात. एका सेकंदात असे लाखांहून अधिक ठोके सुटतात. ठोका खाली आदळून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळते. विमान ६०० मीटर उंचीवर असेल तर हा वेळ सेकंदाच्या दहा लाखांश भागाच्या अवघा चौपट असतो. बहुतेक ठोके पानांवरूनच परत फिरतात, पण पानांच्या फटींतून काही थोडे जमिनीला लागतात. संगणकाने झाडांवरची मापे वगळली की उघड्या जमिनीचा चढउतार दिसू लागतो. म्हणजे एकही झाड न तोडता शेताचे बांध दिसतात!

बेलीझमधील काराकोल येथे आर्लेन व डायान चेस या दांपत्याने २००९ साली अशी पाहणी करविली. तेथे दर चौरस मीटरला सरासरी २० मापे मिळाली, त्यांपैकी जमिनीपर्यंत पोचलेली दीडसुद्धा नव्हती. पण तेवढी पुरली. त्याआधी सुमारे पंचवीस वर्षे पायी फिरून जेमतेम २३ चौरस किलोमीटरचा नकाशा तयार झाला होता. विमानाने काही दिवसांत २०० चौरस किलोमीटर क्षेत्र मोजले. आणि दिसले काय, तर डोंगरउतारांवर एकाखाली एक दगडी बांधांच्या पायऱ्या. घाटावर जिला ताल म्हणतात आणि डोंगराळ भागात मजगी म्हणतात, त्याच जातीचे हे काम. वाहून जाणारी माती अडवायची आणि ओल धरून ठेवायची. घरेही शेतातच होती, आपल्या मळ्यातील वस्त्यांसारखी, आणि त्यांच्या आसपास पाणी साठविण्याची लहान लहान तळी. मला स्वतःला मंदिरांपेक्षा हे बांध अधिक मोलाचे वाटतात. मंदिराला राजाचा हुकूम पुरतो. बांध मात्र दर पावसाळ्यानंतर कोणीतरी पुन्हा नीट करावाच लागतो, हे आपल्याला सांगायला नको.

यानंतर २०१६ साली पेतेनमध्ये २,१४४ चौरस किलोमीटरची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. एकूण ६१,४८० बांधकामे मोजली गेली. बांध घालून किंवा अन्य रीतीने शेतीसाठी घडविलेली जमीन ३६२ चौरस किलोमीटर, म्हणजे ३६ हजार हेक्टरांच्या वर भरली. पाणथळ सखल भागांत चर खणून निचरा केलेली शेतेही दिसली. इ.स. ६५० ते ८०० या काळात मध्य भागात ७० लाख ते १ कोटी १० लाख लोक राहत असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. तो अंदाजच होय, कारण सगळी घरे एकाच वेळी नांदती होती असे उंचीच्या मापांवरून सांगता येत नाही. बांध कोणत्या काळातील आणि त्यावर पीक कोणते, हेही लेसर सांगत नाही. त्यासाठी कोयत्याने वाट काढीत जागेवर जावे लागते, खड्डा घेऊन मातीचे थर व त्यांतील परागकण तपासावे लागतात.

जुनी मापेही कामी येतात. मेक्सिकोतील कांपेचे राज्यात जंगलातील कार्बन मोजण्यासाठी २०१३ साली घेतलेली मापे पुढे एका संशोधकाने पुन्हा तपासली आणि त्यांत एक आख्खे शहर निघाले. २०२४ साली ते प्रसिद्ध झाले व त्याला वालेरियाना हे नाव देण्यात आले. ही जागा मोठ्या रस्त्यापासून फार लांब नाही. आसपास आजही शेती चालते.

या कामाला घाई आहे. पेतेनच्या राखीव जंगलात गुरांच्या कुरणांसाठी बेकायदा तोड चालू आहे. तोडलेल्या जमिनीवर यंत्राची नांगरट फिरली की हात-दीड हात उंचीचे बांध काही वर्षांत सपाट होतात. त्यानंतर विमान वरून कितीही वेळा फिरविले तरी तेथे मोजायला काही राहत नाही. म्हणून आता जेथे तोड जवळ येऊन ठेपली आहे, तेथील पाहणी आधी व्हावयास हवी.