फोटोखालचा आकडा

मंडळी, मुलं फोनवर किती वेळ घालवतात हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. आत्ताही तिसऱ्या रांगेत दोन चेहरे खालून उजळलेले दिसताहेत. (हशा) तेव्हा ते सोडून देऊ. प्रस्तुत वक्त्याचं म्हणणं एवढंच आहे, की दोष फोटोचा नाही, फोटोखालच्या आकड्याचा आहे. फेसबुकवर ‘लाइक’चं बटण आलं २००९मध्ये आणि कौतुक मोजता येऊ लागलं.

तुलना त्याआधीही होतीच. फिजीच्या नाद्रोगा प्रांतात १९९५मध्ये टीव्ही आला. तिथे भरलेलं अंग कौतुकाचं. कुणी रोडावलं, की घरच्यांना घोर. आपल्याकडे लग्नात मावशी ‘किती वाळलीस गं!’ म्हणते, त्यातलाच प्रकार. हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी टीव्ही आल्या-आल्या शाळकरी मुलींची पाहणी केली आणि १९९८मध्ये पुन्हा केली. वजन उतरवण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणारी मुलगी पहिल्या खेपेला एकही नव्हती. दुसऱ्या खेपेला प्रमाण होतं ११.३ टक्के! आपण फार जाड आहोत, असं ७४ टक्के मुलींना वाटू लागलं होतं. मुलाखतींत मुली मालिकांमधल्या नायिकांची नावं घेत. त्या नायिकांसारखी बारीक कंबर हवी होती, आणि तशी चांगली नोकरीही.

फिजीत जरा जास्तच रेंगाळलो आपण. आणि पहिल्या रांगेतून प्रश्न आलाच : ‘टीव्हीला कुठे आकडा होता?’ प्रश्न रास्त आहे, अडचणीचाही आहे. (हशा) पण नायिका लांबची, परकी. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला तीनशे आणि आपल्याला एकवीस, हे टीव्हीने कधी सांगितलं नव्हतं. इन्स्टाग्राम तीनपैकी एका किशोरवयीन मुलीची शरीराबद्दलची नाराजी वाढवतं, हे त्याची मालक कंपनी असलेल्या फेसबुकच्याच २०१९च्या अंतर्गत सादरीकरणात लिहिलेलं होतं. कंपनीच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी बाहेर काढलेल्या कागदांमुळे २०२१मध्ये ते जगाला कळलं. आधीच त्रासलेल्या मुलींबद्दलची ती आकडेवारी आहे, असा खुलासा कंपनीने केला. त्रासलेल्या मुलीला आणखी त्रास झाला तर चालतो, असा त्याचा अर्थ घ्यायचा का?

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली. तेव्हा फोनवरचा दुसरा आरोप, सहानुभूती आटल्याचा, थोडक्यात. ‘फोनमुळे पोरं निर्दय झाली’ हे टाळ्यांचं वाक्य, पण पुरावा तसा नाही. अमेरिकन विद्यार्थ्यांमधली सहानुभूती १९७९ ते २००९ या काळात घसरल्याचं संशोधक सारा कॉनरॅथ यांनी दाखवलं. मात्र त्यांच्याच पुढच्या अभ्यासात २००८नंतर ती चढताना दिसते. म्हणजे नेमकी फोन हातात आल्यावर. नेदरलँड्समधल्या २०१६च्या अभ्यासात समाजमाध्यमं जास्त वापरणाऱ्या मुलांची सहानुभूती वर्षभरात किंचित वाढलेली आढळली. मुलं दुसऱ्याला समजून घेतात. कठोर होतात ती आरशासमोर.

आता पुन्हा त्या आकड्याकडे. लाइकचे आकडे लपवून फारसा फरक पडला नाही, असं इन्स्टाग्रामचे प्रमुख म्हणाले होते. दुकानदाराने आपल्याच तराजूला दिलेलं हे प्रशस्तिपत्र. प्रस्तुत वक्ता ते मानायला तयार नाही. (टाळ्या) आकडे लपवण्याची सोय मे २०२१पासून इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये सर्वांना आहे. आज घरी गेल्यावर नातवंडांना ती शोधायला सांगा, आणि आधी स्वतःच्या फोनवर सुरू करा.