पंगतीबाहेरची भूक



चर्चच्या आवारात गरजूंसाठी होणाऱ्या भोजनात वाढपी म्हणून उभे राहणे हे पुण्यकर्म खरेच. परंतु जो पंगतीपर्यंत पोहोचूच शकत नाही, त्याची भूक अधिक तीव्र असते. चिखले गावाजवळील बोर्डीत १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. मूल शाळेत येत नसेल, तर त्यांनी शाळाच त्याच्या अंगणात नेली. अन्नसेवेतही हीच दृष्टी हवी.

आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांसाठी शासनाने २०१५ मध्ये अमृत आहार योजना सुरू केली. पाड्यांवरील एकाकी वृद्ध व आजारी यांची ताटे मात्र आपणच पोहोचविली पाहिजेत. पंगत उठण्यापूर्वी कोण आले नाही, याची विचारपूस करावी. सेवेचा खरा आरंभ तेथूनच होतो.