अनुभव : मदतनीस, ११ वर्षे
(प्राण्यांच्या दवाखान्यांत आणि गावोगावी पशुसखी म्हणून काम करणाऱ्या स्त्रियांच्या मेळाव्यातील भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



बायोडाटा म्हटलं की आपल्या घरांत एकच कागद आठवतो. उंची, रंग, मामेकुळ आणि शेवटी अपेक्षा. तो बहुधा वडील नाहीतर काका लिहितात. मला बोलायचंय नोकरीच्या बायोडाटाबद्दल. गंमत अशी, की तोही आपण त्याच थाटात लिहितो. नवऱ्याचं नाव, विवाहित, मुलं दोन. कामाबद्दल एक ओळ.

पुण्यातली एक मैत्रीण असाच कागद घेऊन माझ्याकडे आली. कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात ११ वर्षं काम केलेली. आता दुसरीकडे अर्ज करायचा होता. कागद जुनाच. 'अनुभव : मदतनीस, २ वर्षे' यातल्या २ वर काट मारून ११ केले होते. "झाला की नवा," म्हणाली.

मी विचारलं, काल सकाळी गेल्यावर काय काय केलंस? "काय करणार, नेहमीचंच." ते नेहमीचं बाहेर काढायला दीड तास लागला. रात्री ठेवलेल्या कुत्र्यांचा ताप घेतला. सलाईन नीट चाललंय की सुई सरकून पाय सुजलाय ते पाहिलं. लशींच्या फ्रिजचं तापमान २ ते ८ अंशांत आहे ना, ते वहीत मांडलं. ऑपरेशनची हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये लावली. मांजरीच्या पोटावरचे केस काढले, भूल दिल्यावर तिचा श्वास मोजत, हिरड्यांचा रंग बघत उभी राहिली. हिरड्या फिकट पडल्या तेव्हा डॉक्टरांना तिनंच सांगितलं. दुपारी एका आजोबांचा कुत्रा गेला. त्यांना बसवलं, पाणी दिलं, मुलीला फोन लावला. मग लादी पुसली. 'मदतनीस' लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे होती ती फक्त लादी. मालकाच्याही डोळ्यांपुढे तीच असते, आणि पगार त्या हिशोबानं मिळतो.

मग तिनं विचारलं, "नर्स लिहू का?" प्रश्न साधा नाही. ब्रिटनमध्ये १९६१ मध्ये या कामाचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं, पण 'नर्स' हा शब्द माणसांच्या परिचारिकांसाठी राखीव असल्यानं या मुलींना 'रजिस्टर्ड ॲनिमल नर्सिंग ऑक्झिलरी' म्हणायचे. साध्या भाषेत मदतनीसच! 'व्हेटरिनरी नर्स' हे नाव मिळायला १९८४ उजाडलं. आपल्याकडे भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा झाला तोही १९८४ चाच. त्याच्या नोंदवहीत डॉक्टर आहेत. पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्या पशुधन पर्यवेक्षकासारख्यांना राज्य सरकार लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशी किरकोळ कामं डॉक्टरांच्या देखरेखीखाली करू देऊ शकतं. दवाखान्यात हाताखाली शिकलेल्या आपल्या मैत्रिणीचं त्यात नाव नाही.

म्हणून मी तिला म्हटलं, पदाचं नाव दवाखान्यानं दिलं तेच लिही, पण त्याखाली कामं क्रियापदांसकट लिही. 'भुलेखालील जनावरांवर देखरेख ठेवली, डॉक्टरांच्या उपस्थितीत.' 'लशींचा साठा व तापमानाची नोंद सांभाळली.' हातानं काय केलं आणि जबाबदारी कोणाची होती, दोन्ही यायला हवं. डॉक्टर नसताना इंजेक्शन द्यायला लावलं जातं, हे मला माहीत आहे. ते 'उपचार केले' म्हणून लिहू नका. उद्या काही झालं तर त्या ओळीवर बोट ठेवून तुम्हालाच पुढे करतील. त्यापेक्षा असं करायला लावतात हे इथे, आपल्यात, बोला.

मधली दीड वर्षं तिनं कागदावरून गाळली होती. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा एक्स-रे काढताना जनावर धरायला ती नको म्हणाली. "मग घरी बस," असं उत्तर मिळालं. बसली. यात लपवण्यासारखं तिचं काय आहे? 'या काळात काम बंद होतं', एवढं सरळ लिहायचं, महिन्यांसकट. कारण विचारलंच तर सांगायचं. आणि त्यांच्याकडे शिशाचे एप्रन आहेत का, हेही विचारायचं. रेबीजची आधीच घ्यायची लस घेतली असेल तर तारखा लिहा. नसेल तर ती कोण देणार, हा प्रश्न मुलाखतीत आपला.

अनुभवाचा दाखला जुन्या मालकानं दिला नाही. "तू इथे शिकलीस, वर दाखला कसला?" तिथे पूर्वी काम केलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी मात्र पत्र दिलं. बँकेच्या पासबुकातल्या पगाराच्या नोंदीही पुरावाच असतात. रोख पगार घेणाऱ्या बायकांची इथे पंचाईत होते, म्हणून निदान सहीची पावती मागा.

पशुसखींनो, तुमचं तर याहून अवघड. शेळ्यांना जंताचं औषध, पीपीआरच्या लशीच्या दिवशी घराघरांतून शेळ्या गोळा करणं, अडलेल्या शेळीसाठी रात्री डॉक्टरांना फोन करणं, याला गावात 'बाईची हौस' म्हणतात. वही ठेवा. तारीख, कोणाच्या किती शेळ्या, काय केलं, कोणाच्या सांगण्यावरून, किती पैसे मिळाले. 'मिळाले नाहीत' तेही. गाभडलेल्या शेळीला हात लावताना हातमोजे होते का, तेही मांडा. त्यातून ब्रुसेलोसिस माणसाला होतो. २०२२ पासून 'ए-हेल्प' योजनेत पशुसखींना प्रशिक्षण देतात. ते झालं असेल तर प्रमाणपत्राची प्रत वहीत चिकटवा.

आपल्या मैत्रिणीचा नवा कागद एक पान झाला. सर्वांत अलीकडचं काम वर, शिक्षण खाली, नवऱ्याचं नाव नाही. दोन ठिकाणी तो दिला. एकीकडे "हे तुला कोणी लिहून दिलं?" असं विचारलं. दुसरीकडे भुलेच्या ओळीवर थांबून डॉक्टरांनी पाच प्रश्न विचारले. पाचांचीही उत्तरं तिला येत होती. पगाराचं अजून ठरायचं आहे.

आता कागद वाटते. जेवणाला अर्धा तास आहे. फक्त कालचा दिवस लिहा, सकाळपासून. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजारणीला सांगा, ती लिहील.