सन यत-सेन यांचा वारसा आणि आपण
(पुरानी बस्ती, रायपूर येथील रेल्वे कामगारांच्या सभेतील भाषण)



चीनची 1911 ची क्रांती रेल्वेच्या प्रश्नावरून पेटली. सेचुआनची जनता आपल्या पैशाने रेल्वे बांधू पाहत होती. राजदरबाराने ती ताब्यात घेऊन परकीय बँकांच्या कर्जाला जोडली. लोक उठले, आणि 10 ऑक्टोबरला वुचांगच्या सैन्याने बंड केले. 1 जानेवारी 1912 रोजी डॉ. सन यत-सेन हंगामी अध्यक्ष झाले. तेव्हा रायपूरहून धावणारी आपली बंगाल-नागपूर रेल्वेही लंडनच्या कंपनीचीच होती.

सन यांची तत्त्वे तीन: राष्ट्रवाद, लोकशाही आणि जनतेची उपजीविका. पहिल्या दोहोंना सगळे टाळ्या देतात. तिसरे मालकांना बोचते. 12 मार्च 1925 रोजी सन वारले. एप्रिल 1927 मध्ये त्यांच्याच पक्षाच्या च्यांग कै-शेक यांनी शांघायमध्ये युनियनच्या कार्यकर्त्यांची कत्तल करवली. सन यांची तसबीर भिंतीवर तशीच राहिली! आज बीजिंग आणि तैपेई, दोन्हीकडे ती मानाने लागते.

बंधूंनो, आम्हीही 1974 च्या संपातील वीरांना दरवर्षी हार घालतो. पण डबे धुणाऱ्या ठेकेदारी कामगाराला किमान वेतन मिळते का, हे विचारायला आमच्यातले किती जण यार्डात जातात? आमचे चुकले, हे कबूल करू. या महिन्यापासून त्याचे नाव आपल्या सभासद-वहीत आले पाहिजे. तिसऱ्या तत्त्वाचा हिशेब तिथे सुरू होतो.

कामगार एकजूट जिंदाबाद!